मोयोंच्या घरचा खिमा-कोबी

खिमा डोळ्यांदेखत करून घ्यायचा, हे एस्नाथ तेतेंनी रुदायरोला लग्नाच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तेते म्हणजे नवऱ्याची आत्या, आणि मोयोंच्या घरात आत्याचा शब्द हा शेवटचा शब्द. मागच्या अंगणात एका जुन्या खाटेवर बसवून तेतेंनी तिला सगळं समजावलं होतं. नवऱ्याला हाक कशी मारायची, पाहुण्यांपुढे गुडघे कसे टेकायचे, आणि मग खिमा.

"तुकडा तू दाखवायचा, यंत्रात जाताना तू बघायचा, आणि पिशवीत पडेपर्यंत मान वळवायची नाही. मोयो म्हणजेच हृदय, तेच आमचं देवक, पोरी. बैलाचं असो, बकऱ्याचं असो, कोंबडीचं असो, हृदय म्हणून आमच्या तोंडात जायचं नाही. गेलं की दात गळतात. आणि तू पडलीस सिंहाच्या घरची. तुमच्यात हृदय काय नि मांडी काय, सगळं सारखंच!"

शेवटचं तेते हसत हसत म्हणाल्या होत्या. पण काही हसणी अशी असतात की ती समोरच्याच्या अंगात राहून जातात. रुदायरोच्या राहिलं होतं.

तिच्या माहेरचं देवक शुंबा, म्हणजे सिंह. आता सिंहाचं मटण मासविंगोच्या बाजारात कोण विकतंय? त्यामुळे माहेरी कशाचीच बंदी नव्हती. तिचे वडील तर बैलाचं हृदय निखाऱ्यावर भाजायचे, वर जाड मीठ चोळायचे आणि चाकूनं पातळ काप काढून एकेका पोराच्या तळहातावर ठेवायचे. पहिला काप रुदायरोचा. लग्न झालं आणि ते सुटलं. म्हणजे तिला बंदी नव्हती. लग्न करून बाईचं देवक बदलत नाही, ती मरेपर्यंत शुंबाच राहते. पण घरात एकच शेगडी, एकच मोठं पातेलं, आणि नवरा मोयो. पोरगीही मोयो. मग तिनंच आपलं ते नाव काढणं सोडून दिलं.

आणि आज, तेते पोरीला पहिल्यांदा बघायला येणार होत्या त्याच दिवशी, तिनं मान वळवली होती.

म्हणजे वळवली होती का? हेच तर तिला नीट आठवत नव्हतं.

सकाळी ती शामिसोला पाठीशी बांधून मुकान्याच्या मटणाच्या दुकानात गेली होती. त्याचं देवक माकड, म्हणून अख्खी मुचेके वस्ती त्याला त्याच्या कुळाच्या नावानं मुकान्याच म्हणायची. खरं नाव कदाचित त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. रुदायरोनं खांद्याचा तुकडा दाखवला, मुकान्यानं तो यंत्राच्या तोंडाशी धरला, आणि वीज गेली. यंत्र घर्र करून गप्प. मुकान्या हात पुसत, विजेच्या नावानं बोटं मोडत, जनरेटर सुरू करायला मागे गेला. थंडीचे दिवस, दाराशी लांबलचक रांग. शामिसोला भूक लागली की काय लागलं देव जाणे, तिनं पाठीवर असा काही सूर लावला की रांगेतले सगळे माना काढून बघायला लागले. त्यात तिनं आईची वेणी मुठीत धरलेली.

"अगं, कशाला थांबतेस?" मुकान्याची बायको म्हणाली. "हा तयार आहे की! सकाळीच केलाय, ताजा आहे. दे तुझी पिशवी."

ट्रे दोन होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. एकातला खिमा जरा गडद होता, दुसऱ्यातला जरा फिका. हे तिला लख्ख आठवत होतं. त्या बाईनं कुठल्यात हात घातला, हे मात्र अजिबात आठवत नव्हतं. कारण नेमकी त्याच वेळी वेणी सोडवायला तिची मान मागे वळली होती. आणि ट्रेच्या मागे, आकड्याला, दोन हृदयं टांगलेली होती. की तीन? की ती आधी तीन होती आणि आता दोन राहिली होती?

"चालेल," असं ती म्हणाली होती. हेही तिला आठवत होतं.

पण त्या वेळी यातलं काहीच मनात नव्हतं. तो गोंधळ नंतरचा. त्या वेळी मनात एवढंच होतं, की घरी जायचं, पोरीला पाजायचं, आणि तेते यायच्या आत पातेलं चढवायचं.

खिमा-कोबी हा शेजारच्या माई फारिसाईनं शिकवलेला प्रकार. पोर काखेत असताना करता येतो, हा त्याचा मोठा गुण. तेल घालायचं नाही. पातेलं कोरडंच तापवायचं आणि खिमा टाकायचा. तो आधी चिकटतो, मग रुसल्यासारखा स्वतःचंच पाणी सोडतो, मग स्वतःच्याच चरबीत परतायला लागतो. मग कांदा. मग टोमॅटो, चिरून नाही, हातानं कुस्करून. चिमूटभर करी पावडर, मीठ, बटाट्याच्या फोडी. आणि सगळ्यात शेवटी कोबी. अर्धा गड्डा बारीक चिरला तरी तो पातेल्याच्या वर टोपडं घातल्यासारखा उभा राहतो. झाकण बसतच नाही. नवखी बाई इथं घाबरते आणि कोबी कमी करते. करायचा नाही. झाकण नुसतं वर ठेवून द्यायचं आणि पोरीचं लंगोट बदलून यायचं. तोवर कोबी आपोआप खाली बसतो, झाकणही बसतं, आणि कडेनं वाफेची एक बारीक शिट्टी येते.

ती शिट्टी आली तेव्हा शामिसो तिच्या कमरेवर होती. रुदायरोनं झाकण उचललं, बोट रश्श्यात बुडवलं, फुंकून गार केलं आणि पोरीच्या ओठाला लावलं. शामिसोनं बोट असं चोखलं की सोडायलाच तयार होईना. नुसत्या हिरड्यांनी. आठवा महिना सरत आला तरी पोरीला एक दात नव्हता. वस्तीतल्या तिच्या वयाच्या पोरांना वर-खाली दोन-दोन आले होते, आणि त्यांच्या आया विचारायच्या, "अजून नाही?" हे 'अजून नाही' ऐकून ऐकून रुदायरो रात्री झोपेतही पोरीच्या हिरडीवर बोट फिरवून बघायची.

मग तिनं स्वतः पळीभर चाखलं.

आणि तिला खूप बरं वाटलं. का ते कळेना, पण वडिलांचं अंगण आठवलं. निखारे, मिठाचे खडे, तळहातावरचा गरम काप, आणि वडिलांचं ते, "हळू, भाजेल." कोबीत वडील कुठून आले, असा विचार करत तिनं आणखी थोडं चाखलं. मग आणखी थोडं.

मग पळी तिच्या हातात तशीच राहिली.

ही चव हृदयाची होती.

"माई फारिसाई!" तिनं कुंपणापाशी जाऊन हाक मारली. "ओ माई फारिसाई!"

माई फारिसाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. तोंडात चिमटा तसाच धरून त्या आल्या. "काय गं? जळलं?"

"नाही. तुम्ही आज मुकान्याकडून खिमा आणलात?"

"आणला. का?"

"त्यात... त्यात काही वेगळं लागलं का?"

माई फारिसाईंनी चिमटा तोंडातून काढला. "वेगळं म्हणजे?"

रुदायरोनं सांगितलं. ट्रे, वीज, वेणी, आकडा. सांगता सांगता तिचं तिलाच ते इतकं गुंतागुंतीचं वाटायला लागलं, की माई फारिसाई मध्येच म्हणाल्या, "थांब. हृदय वेणीत अडकलं होतं की यंत्रात?"

"तुम्ही थट्टा करू नका हो. तेते येतायत. त्यांची कोंबीगाडी एव्हाना जवळ आली असेल."

"मग मी जाऊन विचारून येते. तू पातेल्यापाशी थांब. विस्तव मात्र बारीक कर."

त्या गेल्या. रुदायरोनं गॅस बारीक केला. सिलिंडर हलवून बघितला, तळाशी जेमतेम काहीतरी खुळखुळलं. पुन्हा चाखावं का? चाखलं. या वेळी नुसता कोबी लागला. गोडसर, साधा कोबी. तिला हायसं वाटलं. मग वाटलं, हा घास वरचा होता, खिमा तर खाली असतो. खालून घेतलं. आता करी पावडर लागली. मग तिला वाटलं, आपण वडिलांची आठवण काढली म्हणून ती चव आली असेल. मग वाटलं, चव आली म्हणूनच तर आठवण निघाली. यातलं आधी कोण आलं हे ठरवत ती उभी राहिली, आणि कमरेवर शामिसो पळीकडे हात पसरून आ, आ करत राहिली.

तिनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. आतूनही पुसलं. शामिसोला तो खेळ वाटला आणि ती खिदळली. गुलाबी, कोऱ्या हिरड्या. आता या कोऱ्याच राहिल्या तर? पोरगी मोठी होईल, लग्नाची होईल, आणि लोक म्हणतील, हिच्या आईनं हिला पहिल्याच घासाला देवक चारलं. सिंहाच्या घरची ती. तिला काय त्याचं.

माई फारिसाई धापा टाकत परत आल्या.

"मुकान्या म्हणतो, हृदय मी खिम्यात घालत नाही म्हणजे नाही. देवाशपथ."

"हुश्श!"

"पण त्याची बायको म्हणते, कुत्र्यांसाठी मागतात त्यांच्यासाठी एका ट्रेमध्ये घालतो."

"कुठल्या?"

"ती म्हणाली डावीकडच्या."

"तिच्या डावीकडच्या की माझ्या?"

माई फारिसाईंनी जागच्या जागी उभं राहून आधी एक हात वर केला, मग दुसरा, मग वळून उलट्या उभ्या राहिल्या. "आता मी इथं उभी... ती पलीकडे... अगं, मी विचारायचंच विसरले. पण मुकान्या लगेच म्हणाला, आज तो ट्रे ठेवलाच नव्हता. मग ती म्हणाली, ठेवला होता. मग त्यांचं जुंपलं, आणि मी निघून आले. जाऊ का पुन्हा?"

पण पुन्हा जायला वेळच राहिला नाही. फाटकाची कडी वाजली आणि एस्नाथ तेते आत आल्या. डोक्यावर पिशवी, अंगात पुरुषी कोट, पायात लोकरी मोजे आणि चपला. कोंबीवाल्यानं कोपऱ्यावर न उतरवता पुढं नेलं म्हणून त्या अजून त्याला रागावत होत्या, त्याच्या आईबापांसकट.

रुदायरोनं गुडघे टेकले, हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, खुशाली विचारली. तेतेंनी खुशाली सांगितली, पिशवी उतरवली, आणि दोन्ही हात पुढे केले. शामिसो निमूट गेली. कुणाकडे न जाणारी पोरगी, तेतेंच्या कोटाचं बटण धरून त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत बसली.

"माझ्या भावाचं कपाळ," तेते म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला, मग लगेच कोरडा. "दात?"

"अजून नाहीत, तेते."

"हं."

या 'हं'चा अर्थ काय, हा दिवसातला आणखी एक गोंधळ.

"काय शिजवलंयस? वास तर फाटकापर्यंत आलाय."

"खिमा-कोबी, तेते."

"खिमा मुकान्याचा?"

"हो, तेते."

"हं," तेते पुन्हा म्हणाल्या आणि पोरीशी बोलायला लागल्या. आत्ताच सांगावं, असं रुदायरोच्या ओठांवर आलं. पण काय सांगणार? हृदय आहे? तिला माहीत नव्हतं. नाही? तेही माहीत नव्हतं. ती आत गेली, दुसरं पातेलं काढलं आणि साद्झासाठी पाणी ठेवलं. मक्याचं पीठ घोटता घोटता हात दुखायला लागतात तेव्हा डोकं जरा रिकामं होतं. आज तेही झालं नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा तिचा नवरा कुंडाई टायरच्या दुकानातून घरी आला. आत्याला भेटला, हसला, बोलला, आणि वासामागून सरळ स्वयंपाकघरात. झाकण उचलून त्यानं डोळे मिटले आणि बायकोला लेकीच्या नावानं हाक मारली.

"माई शामिसो, आज काय आहे म्हणायचं? सणच दिसतोय!"

"बाबा शामिसो, खाऊ नका."

त्यानं डोळे उघडले. बटाट्याची फोड बोटांत, बोटं तोंडापाशी. "का?"

तिनं कुजबुजत सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, फोड तशीच धरून, आणि चेहरा असा उतरत गेला जसा मघाशी पातेल्यात कोबी उतरला होता.

"पण नक्की नाही ना?"

"नाही."

"मग नाही! नक्की नाही म्हणजे नाहीच." त्यानं आशेनं फोडीकडे बघितलं. "आणि हा तर बटाटा आहे. बटाट्यानं काय केलंय?"

"तो त्यातच शिजलाय!"

"वरच्या बाजूला होता."

"ठेवा तो खाली!"

त्यानं ठेवला, पण बोटं चाटायला निघाला, तिनं त्याचा हात धरून पाण्याखाली नेला. "तेतेंना सांगणार आहेस?" त्यानं विचारलं.

"सांगू?"

"सांगितलंस तर त्या म्हणतील, मी म्हटलंच होतं. जन्मभर म्हणतील. लग्नाकार्यात, मयताला, सगळीकडे म्हणतील. आणि नसेलच हृदय तर फुकट ऐकून घेशील. न सांगावं हेच बरं." मग त्यानं थोडा विचार केला. "पण असेल तर?"

"तेच तर."

"मग सांग. नाहीतर नको. मला विचारशील तर..." पण त्याला विचारलं तर काय, हे त्याचं त्यालाही सुचलं नाही, आणि बाहेरून तेतेंनी हाक मारली, "अरे, म्हातारीला जेवायला घालणार की नुसता वास देणार?"

रुदायरोनं हात धुवायला पाणी फिरवलं. साद्झाचे गोळे वाढले, शेजारी खिमा-कोबी. वाढताना तिची पळी दर वेळी कोबीकडे वळायची, जणू पळीलाही तिच्यासारखंच काही ठरवता येत नव्हतं. तेतेंनी प्रार्थना म्हटली. लांबलचक. कोंबीवाल्याचं नावही त्यात आलं, त्याला सुबुद्धी दे म्हणून. आमेन झालं. तेतेंनी साद्झाचा तुकडा मोडला, मुठीत वळला, अंगठ्यानं त्यात खळगा केला आणि खिम्याकडे हात नेला. त्या खळग्याकडे बघता बघता रुदायरोला काय झालं कुणास ठाऊक, ती म्हणाली,

"तेते, थांबा."

हात थांबला.

आणि मग ती बोलत सुटली. गुडघ्यांवर, मान खाली घालून. वीज गेली, मी तुकडा दाखवला होता, पण पोरगी रडली, दोन ट्रे होते, तिनं कुठल्यातून दिलं मी बघितलं नाही, माझी मान वळली, तेते, तुम्ही वळवू नको म्हटलं होतं आणि वळली. मला चव हृदयाची लागली. मग नाही लागली. मुकान्या नाही म्हणतो, बायको हो म्हणते, माई फारिसाईंना डावं-उजवं कळेना. आणि पोरीनं...

"पोरीनं खाल्लं?" तेतेंचा आवाज बदलला.

"बोटाला लावून चाटवलं. एकदा. मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे आत्ताही माहीत नाही. तेते, हिला दात येणारच नाहीत का आता?"

तेतेंनी साद्झाचा गोळा ताटात ठेवला. हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत. मग शामिसोला मांडीवर घेतलं आणि एक बोट तिच्या तोंडात घातलं. आधी खाली फिरवलं, मग वर. कुंडाई वाकून बघत होता. रुदायरोला समोरचं नीट दिसतच नव्हतं, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं.

"देवक खाल्लं की दात गळतात," तेते म्हणाल्या.

"हो, तेते."

"अगं, पण गळायला आधी यायला नकोत का?"

कुंडाईच्या तोंडून फुस्स करून हसू निसटलं. तेतेंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की ते अर्ध्यातच विझलं.

"ज्या तोंडात एक दात नाही, त्या तोंडावर आमचे वाडवडील रागावत नसतात. त्यांनाही पोरंबाळं होती." त्यांनी पोरीचं तोंड आपल्या कोटाच्या बाहीनं पुसलं. "रडू नकोस. पोरगी बघतेय. आता असं कर, ते ताट घे. चाख आणि मला सांग."

"मी?"

"मग कोण, मी? या घरात हृदयाची चव माहीत असलेलं तोंड एकच आहे. ते तुझं. आम्ही तिघं जन्मभर चाखलं तरी आम्हाला कळायचं नाही."

रुदायरोनं तेतेंचं ताट ओढून घेतलं. खिम्याचा घास घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, शामिसोसुद्धा. पहिल्या घासाला वडील आले, निखाऱ्यांसकट. दुसऱ्याला गेले. तिसऱ्याला नुसता टोमॅटो. नाही म्हटलं तर सगळे जेवतील. कुंडाई दुपारपासून उपाशी आहे, तेते पहाटेच्या निघालेल्या. हो म्हटलं तर चूक नीट चूक होईल, आणि ती कुठंतरी ठेवून देता येईल. चौथा घास तिनं उगाचच घेतला. मग सगळं गिळलं.

"तेते," ती म्हणाली, "मला खरंच कळत नाही."

"कळत नाही म्हणजे नाहीच आहे!" कुंडाई म्हणाला.

"गप रे! खायची वेळ आली की तू फार हुशार होतोस." तेते रुदायरोकडे वळल्या. मग म्हणाल्या, "हो म्हणाली असतीस तर वाटलं असतं, मला भिऊन म्हणतेय. नाही म्हणाली असतीस तर मी जेवले असते खरी, पण रात्रभर जिभेनं दात मोजत बसले असते. कळत नाही म्हणालीस. बरं. कळत नाही ते मोयो खात नाहीत. संपलं. कोबी उरलाय का?"

"अर्धा गड्डा आहे, तेते."

"आण. माझ्या पिशवीत शेंगदाण्याचं वाटण आहे. आणि साद्झाचं पातेलं राखेनं घासून दे."

पातेलं घासून आणलं, पाणी ठेवलं आणि गॅस संपला. एकदा निळा भडकला आणि गेला. तेव्हा सगळी वरात माई फारिसाईंच्या अंगणातल्या चुलीवर गेली. पातेलं, कोबी, वाटण, तेतेंच्या काखेत पोरगी. माई फारिसाईंनी जळतं लाकूड पुढे सारून दिलं आणि विचारलं, "मग त्या खिम्याचं काय करणार?"

"तुमचं देवक काय?" तेतेंनी विचारलं.

"मासा!"

"मग वाडगा आणा."

"आणलाय," माई फारिसाई म्हणाल्या. वाडगा त्यांच्या पदराखालीच होता.

तेतेंनी कोबी स्वतः चिरला. पातेल्याच्या वर टोपडं उभं राहिलं तशी त्या म्हणाल्या, "भरपूर झाला वाटतं," आणि काढायला हात घातला, तेव्हा रुदायरो न राहवून म्हणाली, "काढू नका, तेते. बसतो तो खाली." तेतेंनी हात मागे घेतला. दोघी चुलीपाशी बसून तो बसायची वाट बघत राहिल्या. बसला. मग वाटण पडलं, आणि अंगणभर भाजल्या शेंगदाण्यांचा वास सुटला.

जेवणं झाली. कुंडाईनं तीनदा घेतलं आणि दर वेळी एकदा आपल्या घराच्या दिशेनं, न खाल्लेल्या पातेल्याकडे, उसासा टाकला. तेतेंनी ताट पुसून काढलं. मग हातांची ओंजळ केली, आणि रुदायरोला वाटलं, आता नेहमीसारखं कुंडाईला त्याच्या कुळाच्या मानाच्या नावानं म्हणतील, चिरांडू, पोट भरलं. आजवर तेते जेवल्या की तसंच म्हणायच्या. अन्न त्यांच्या भाच्याचं, म्हणून आभारही त्याच्या कुळाचे. सून म्हणजे सूनबाई, नाहीतर पोरी.

तेतेंनी ओंजळ तिच्या दिशेनं फिरवली. दोनदा वाजवली.

"पोट भरलं, शुंबा," त्या म्हणाल्या.

रुदायरोनं मागे वळून बघितलं, मागे कुणी आहे का ते. कुणी नव्हतं. चुलीच्या पलीकडे माई फारिसाई वाडग्यातला खिमा खाण्यात दंग होत्या.

"पण, तेते, शिजवलं तर तुम्ही."

"मी शिजवलं. थांबवलं कोणी?" तेते उठल्या, गुडघ्यांना नावं ठेवत. "तुझा खिमा वाया घालवू नकोस. जाऊन खा. तुला कुणी बंदी केलीय?"

मग ती आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली, डाव्या मांडीवर शामिसो, उजव्या बाजूला पातेलं. खिमा गार झाला होता, चरबी कडेला थिजली होती. तरी चांगला लागत होता. फारच चांगला. कुंडाई समोर दाराला टेकून उभा राहिला.

"कसा झालाय?"

"कळत नाही," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"अजून?"

"अजून."

तो हसला, आणि आत्याचं अंथरूण घालायला आत गेला. शामिसो किरकिरली. रुदायरोनं उजवा हात, खिम्याचा, लांब धरला. डाव्या हाताचं बोट धुऊन ठेवलेलं होतं, ते पोरीच्या तोंडात दिलं. पोरीनं ते घट्ट दाबलं. आणि खालच्या हिरडीवर, अगदी मधोमध, बोटाला काहीतरी टोचल्यासारखं झालं. की पिठाचा कण होता? तिनं पुन्हा बोट फिरवलं. आता काही लागलं नाही. मग लागलं.

आतून तेतेंच्या चपला सोडल्याचा आवाज आला. त्यांना हाक मारावी, असं तिला वाटलं. मग वाटलं, नसला तर? मग वाटलं, असला तर? बोट तसंच ठेवून ती उंबऱ्यात बसून राहिली, आणि पोरगी चावत राहिली.